अनुभव धागा : दूरच्या व्हेटर्नरी कॉलेजला निघताना पोटात येणारा गोळा

रवंथ (धागाकर्ती)
माळा आवरताना जुना डिसेक्शन बॉक्स सापडला. चिमटा गंजलाय, फॉर्मॅलीनचा (मेलेलं जनावर टिकवायच्या द्रावणाचा) वास मात्र जसाच्या तसा. त्याच आठवड्यात शेजारच्या मुलीचं अलॉटमेंट आलं. घर चिपळूणला, कॉलेज परभणीला. दिवसा पेढे, रात्री रडारड. म्हणून हा धागा.

रडकथा नकोत, त्या सगळ्यांच्या सारख्याच. काय केल्याने भीती उतरते, किती दिवस आधी करायचं, कुठे चुकतं, ते लिहा.

माझ्याकडून सुरुवात. जनावर 'बरं नाही' म्हणून आणलं की आधी थर्मामीटर लावतो, थेट इंजेक्शन भरत नाही. 'भीती वाटते' हे लक्षण झालं, निदान अजून व्हायचंय. कागदावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे एका ओळीत एकच भीती, उजवीकडे तिचं काम आणि तारीख. 'सगळंच जमणार नाही' असं लिहिलं की उजवीकडे काहीच सुचत नाही. 'मेलेलं जनावर बघून चक्कर येईल' लिहिलं की सुचतं. अंतर, चक्कर, मोठं जनावर, रॅगिंग, भाषा, जेवण या सहा भीती वेगळ्या आहेत आणि प्रत्येकीचं औषध वेगळं आहे.

साडेपाच वर्षं हा आकडा मनात धरून निघू नका. साडेचार वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप हा शासकीय हिशेब झाला. आपला हिशेब पहिल्या दिवाळीपर्यंतचा.

चौथा_कप्पा
चक्करेचं सांगतो. त्यात मन कच्चं असण्याचा संबंध नाही. रक्त किंवा चिरफाड दिसली की काहींचा रक्तदाब आणि ठोके एकदम खाली येतात, मेंदूला रक्त कमी पडतं, माणूस आडवा. उपाशी पोट, कोंदट हॉल आणि गुडघे ताठ ठेवून तासभर उभं राहणं, यांची भर पडली की हमखास.

यावर लांब श्वास घेऊन अंग सैल सोडणं हा उलटा उपाय आहे. इथे अंग ताठ करायचं. मुठी, दंड, मांड्या, पोट एकदम आवळा, १० ते १५ सेकंद धरा, चेहरा गरम वाटला की सोडा. २० ते ३० सेकंद थांबा. असं पाच वेळा. घरी रोज सराव करा, म्हणजे हॉलमध्ये आठवेल. डोळ्यांपुढे अंधारी आली तर लाज न बाळगता तिथेच खाली बसा. पडून डोकं टेबलाच्या कडेवर आपटणं हा खरा धोका.

सकाळी पोळीभाजी खाऊन जा. नुसता चहा नको.

शेवंता
+१. आणि फॉर्मॅलीन! ते १० टक्के म्हणतात त्यात फॉर्माल्डिहाइड ४ टक्क्यांच्या आसपासच असतं, तरी डोळ्यांतून धारा लागतात. साधा सर्जिकल मास्क वायू अडवत नाही. रुमालावर अत्तर मारून तर दोन्ही वास एकत्र डोक्यात जातात. खिडकी किंवा एक्झॉस्टजवळची जागा धरा, बंद गॉगल लावा, कॉन्टॅक्ट लेन्स घालून जाऊ नका. उडालं तर नळाखाली डोळा उघडा धरून १५ मिनिटं. ॲप्रन वेगळ्या पिशवीत, वेगळ्या बादलीत. रूममेटशी पहिलं भांडण यावरूनच होतं.

पहिल्या तासाला शक्यतो पुढे उभं राहा. मागून अर्धवट दिसतं आणि उरलेलं मन रंगवतं, तेच जास्त भयानक असतं.

निम्मा_डॉक्टर
बॉक्स घ्यायला जाणाऱ्यांसाठी : स्काल्पेलच्या (चिरफाडीच्या सुरीच्या) ४ नंबरच्या हँडलला २० पासून पुढची ब्लेडं बसतात (२२, २४ वगैरे), ३ नंबरला १०, ११, १५. दुकानदार उलटसुलट देतो. दाताचा एक आणि बिनदाताचा एक, असे दोन चिमटे घ्या. ब्लेड काढायचं-घालायचं आर्टरी फोर्सेप्सने (कात्रीसारख्या पकडीने), पातं स्वतःपासून लांब. बोट कापतं ते चिरताना क्वचितच, ब्लेड बदलताना कापतं. आणि महागडा संच घेऊ नका, पहिल्या महिन्यात कात्री कोणीतरी 'दोन मिनिटांसाठी' नेणारच.

सुमनमावशी
माझा बोका दोन दिवस जेवत नाहीये, अंग गरम लागतंय. इथे एवढे डॉक्टर जमलेत तर विचारून घेते. घरातली तापाची गोळी पाव तुकडा दिली तर चालेल का?

रवंथ
मावशी, अजिबात नको!! पॅरासिटामॉल मांजरांना विष आहे. ते पचवायची यंत्रणा त्यांच्या यकृतात पुरेशी नसते, रक्त ऑक्सिजन वाहायचं थांबतं. पाव गोळीनेही जीव जाऊ शकतो. आजच दवाखान्यात न्या.

चौथा_कप्पा
बघा मुलांनो, पुढे प्रत्येक लग्नात, जेवणाच्या रांगेत हे असंच होणार. याची भीती कागदावर लिहायची राहिली.

कासरा
मोठ्या जनावराच्या भीतीबद्दल. शहरातली पोरं हे बोलत नाहीत, पण निम्मी रात्र याच विचारात जाते.

गाईच्या बरोबर मागून कधीच जायचं नाही, तिथे तिला दिसत नाही. खांद्याच्या बाजूने, तिरकं, तोंडाने काहीतरी बोलत जा. काय बोलता याला महत्त्व नाही, आवाज संथ हवा. आधी खांद्यावर पूर्ण तळहात ठेवा. बोटाच्या टोकाने स्पर्श केला तर तिला माशी बसल्यासारखं होतं आणि ती झटकते. घोडा मागे लाथ मारतो, गाय पाय पुढे नेऊन बाजूला झाडते. म्हणून गाईच्या अगदी चिकटून उभं राहा किंवा पूर्ण लांब. हातभर अंतर सगळ्यात वाईट, लाथेला पूर्ण जोर तिथेच मिळतो. कान मागे, शेपटी आवळलेली, मान खाली घालून फुसफुस, यातलं काहीही दिसलं तर थांबा.

दोरी हाताला गुंडाळायची नाही. कधीच नाही. जनावर उधळलं तर बोटं जातात. गाठ अशी मारा की मोकळं टोक ओढताच सुटेल.

निघण्याआधी १५ दिवस असतील तर ओळखीच्या गोठ्यात सकाळची दोन तासांची हजेरी लावा. पहिले तीन दिवस नुसतं शेण काढायचं. मग वैरण. मग हात लावायचा. चौथ्या-पाचव्या दिवशी छातीतली धडधड आपोआप बसते. एकाच दिवसात सगळं करायला गेलं तर वाढते.

दुधाळ
गमबूट एक नंबर मोठा घ्या, आत जाड मोजा. घट्ट बूट चिखलात रुतला की त्यातून पाय निघत नाही.

तांबडी
आमच्याकडचं कोणी कोकणातून नागपूरला जातंय का? तिथे मेसमध्ये 'सांबार' मागाल तर कोथिंबीर मिळेल. आधीच सांगून ठेवते 😄

निम्मा_डॉक्टर
आणि कोथिंबीर मागितली तर 'का बे, पुण्याचा का?'

कासरा
हसण्यावारी नेऊ नका, भाषेची भीती खरी असते. शेतकरी पुस्तकातलं नाव सांगत नाही. एक छोटी वही करा, पहिल्या दिवसापासून : फऱ्या, घटसर्प, लाळ्या-खुरकूत, तिवा, आंत्रविषार, पोटफुगी, दगडी, वार अडकणं. शेजारी इंग्रजी नाव, आणि शब्द कोणत्या तालुक्यात ऐकला तेही. वगार आणि कालवड यांत घोळ घातला की म्हातारे गालात हसतात आणि पुढची माहिती अर्धीच देतात. (वगार म्हशीची, कालवड गाईची.)

पेरूवाला
परभणीला जाणाऱ्या मुलीला सांगा, जगात जर्मनी आणि भारतात परभणी, काळजी नसावी.

शेवंता
राज्याबाहेर जाणाऱ्यांनी हे वाचा. १५ टक्के अखिल भारतीय कोट्यातून चेन्नई, हिसार, लुधियाना, वायनाड कुठेही नंबर लागतो. चेन्नईला आपल्यासारखा जूनचा पाऊस धरून चालू नका, तिथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. रेनकोट दिवाळीत लागतो. वायनाडला रेल्वे नाही, कोझिकोडला उतरून घाट चढायचा. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, जुन्या वेळेवर विसंबून पुढची बस ठरवू नका. हिसारला थंडी कडक, रजई तिकडेच घ्या, घरून ओझं नेऊ नका.

स्थानिक भाषेची २० वाक्यं पाठ करा, पण पर्यटकाची नकोत. 'किती दिवसांपासून?', 'चारा खातेय का?', 'शेण कसं आहे?', 'दूध किती कमी झालं?' ही.

फलाट_क्र_६
अंतराच्या भीतीवर सगळ्यात गुणकारी गोळी म्हणजे परतीचं कन्फर्म तिकीट. रेल्वेचं आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. म्हणजे दिवाळीच्या प्रवासाची तारीख धरून ६० दिवस मागे मोजा, त्या दिवशी सकाळी ८ वाजता बोट बटणावर. जाताना मात्र अलॉटमेंट उशिरा येतं, तत्काळच काढावं लागतं (एसी १०, स्लीपर ११, आदल्या दिवशी). जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळला खातं आधारशी पडताळलेलं लागतं, ते आजच करा. घरी येण्या-जाण्यासाठी विद्यार्थी सवलत असते, कॉलेजच्या कार्यालयातून फॉर्म घेऊन खिडकीवर द्यायचा.

पहिल्याच शनिवार-रविवारी घरी पळू नका. पळून आलं की त्या दिवशी हायसं वाटतं आणि पुढच्या रविवारी परत निघणं दुप्पट जड जातं. चार-सहा आठवड्यांनंतरची तारीख आधीच ठरवा आणि भिंतीवर लिहा.

आजीचा_बटवा
पालकांसाठी दोन शब्द. फोन रोज ठरलेल्या वेळी, दहा मिनिटं. रात्री जेवण झाल्यावर. संध्याकाळी सहा-सातला नको, तो दिवेलागणीचा वेळ सगळ्यात हळवा, तेव्हा पोरांनी मैदानावर किंवा डेअरीवर असावं. 'जेवलास का' तीनदा विचारू नका. 'आज कोणतं हाड झालं?' विचारा. बोलतं होतं पोर.

आणि लाडू डब्यात भरताना रूममेटचे धरून भरा.

चौथा_कप्पा
हाडावरून आठवलं. रात्री छाती भरून आली, झोप येईना तर : चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, पाच मिनिटं. आकडे मोजायचा कंटाळा आला तर गाईचे मणके मोजा. मान ७, पाठ १३, कंबर ६, त्रिक ५, शेपूट १८ ते २०. शेपटीपर्यंत पोचण्याआधी झोप लागते आणि अंतर्गत परीक्षेत दोन मार्कही पडतात.

(घोड्याच्या बरगड्या १८ जोड्या. त्या घेतल्या तर जास्त वेळ पुरतात.)

शेवंता
लसी! कोणीच कसं लिहिलं नाही? रेबीजची आधीच घ्यायची लस निघण्यापूर्वी महिनाभर सुरू करा. आपल्याकडच्या राष्ट्रीय सूचनांप्रमाणे ०, ७ आणि २१ किंवा २८ असे तीन दिवस. पुढे कुत्रा चावला तरी जखम साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवायचीच, मग ० आणि ३ या दिवशी दोन डोस, इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागत नाही. कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये आणि घरच्यांकडेही. धनुर्वाताचंही बघून घ्या. अर्धी 'काही झालं तर?' इथे संपते.

नवीन_पाखरू
मी वाचतेय सगळं, जायचंय पुढच्या आठवड्यात. रॅगिंगबद्दल कोणी लिहाल का प्लीज

निम्मा_डॉक्टर
पाखरू, प्रवेशाच्या वेळी तू आणि पालक दोघांनी रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र भरायचं असतं. ते ऑनलाइन भरून त्याची प्रत मेलमध्ये ठेव. हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, चोवीस तास. वॉर्डन आणि समितीतल्या एका शिक्षकाचा नंबर पहिल्याच दिवशी सेव्ह कर, प्रसंग आल्यावर शोधाशोध नको. सीनियरने नाव-गाव विचारणं आणि रात्री खोलीवर बोलावणं यातला फरक ओळख. पहिल्याला उत्तर दे, दुसऱ्याला एकटी जाऊ नकोस. तारीख, वेळ, कोण, काय म्हटलं, हे त्याच रात्री लिहून ठेव.

पण चांगले सीनियर जोडच. हाडांचा सेट, जुन्या प्रश्नपत्रिका, प्रॅक्टिकलला काय विचारतात, हे दुसरीकडे कुठे मिळत नाही.

रवंथ
आणि पाखरू, दोन आठवडे झाले तरी झोप नाही, जेवण जात नाही, वर्गात जाववत नाही असं झालं तर ती साधी घरची आठवण समजू नकोस. टेलि-मानस (मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) १४४१६, मोफत, मराठीतही बोलतात. हजेरी ७५ टक्के लागते. दांड्या आधी आणि डॉक्टरकडे नंतर असा क्रम केला की दोन दुखणी होतात.

फलाट_क्र_६
मूळ कागद कॉलेजात जमा होतात. त्याआधी प्रत्येकाच्या चार झेरॉक्स आणि एक स्पष्ट स्कॅन. महाडीबीटीच्या शिष्यवृत्तीला पुन्हा तेच लागतं. बँक खातं आधारशी जोडलेलं नसेल तर पैसे अडकतात.

सुमनमावशी
बोक्याला नेलं. दातामागे गळू होतं, त्यामुळे खात नव्हता. इंजेक्शन दिलं, घरी आल्यावर मासा खाल्ला. गोळी दिली नाही हो.

रवंथ
❤️

दुधाळ
गोठ्यातून निघताना गमबूट ब्रशने घासूनच बाहेर. लाळ्या-खुरकूत असेल तर धुण्याच्या सोड्याचं ४ टक्के पाणी, लिटरला ४० ग्रॅम. आधी शेण काढा, मग सोडा, नाहीतर शेणाखालचा विषाणू तसाच राहतो. धाग्याशी संबंध नाही पण गमबुटाचा विषय निघालाच आहे तर.

नवीन_पाखरू
धन्यवाद सगळ्यांना. कागद केला. डावीकडे ११ ओळी झाल्या, उजवीकडे ८. गमबूट ६ नंबर लागतो, म्हणजे ७ घेऊ ना?

दुधाळ
७. आणि मोजे दोन जोड्या.