पुरामुळे जागा बदललेले क्वाला कुबू बहारू: आपल्या पुनर्वसित गावांनी यातून काय घ्यावे?

वैनगंगाकाठ (पवनी तालुका) यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. गोसीखुर्द धरणाच्या बुडीत क्षेत्रातून उठून आमचे गाव नव्या गावठाणात आले. त्याचा इतिहास लिहून ठेवावा, अशी गावातील जाणत्या मंडळींची इच्छा आहे आणि ते काम माझ्याकडे आले आहे. भूखंडांचे क्रमांक, घरांची मोजमापे आणि मोबदल्याचे आदेश हे कागद मिळाले. परंतु पोळ्याचे तोरण कोठे बांधले जाई, मातामायच्या देवळापर्यंत कोणत्या वाटेने जात, सायंकाळी पारावर कोण बसत असे, यांची नोंद एकाही कागदात नाही. मलेशियाच्या सेलांगोर राज्यातील क्वाला कुबू बहारू हे लहान गाव पुरामुळे जुन्या जागेवरून हलवून नव्याने आखले गेले, असे वाचनात आले. ते का हलवावे लागले, आणि नवी आखणी करताना लोकांच्या एकत्र येण्याच्या जागांचा विचार झाला होता का, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

तुमसरकर यांचे उत्तर

कामानिमित्त मी सेलांगोरमध्ये काही काळ राहिलो आहे आणि या गावी माझे जाणे-येणे होते, म्हणून लिहितो.

या गावाचा इतिहास कथलाच्या खाणींपासून सुरू होतो. जुने क्वाला कुबू सेलांगोर नदीच्या काठी होते. डोंगराच्या पायथ्याशी कथील सापडत असल्याने मलय वस्तीच्या जोडीला चिनी खाणकामगार येथे येऊन राहिले. गावाच्या वरच्या अंगाला पाणी अडवणारा एक जुना बांध होता. आपल्या भंडारा-गोंदियाकडील मालगुजारी तलावाची पाळ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तो सहज डोळ्यांपुढे आणता येईल. 29 ऑक्टोबर 1883 रोजी हा बांध फुटला आणि गावाचा मोठा भाग वाहून गेला. मृतांमध्ये तेथील इंग्रज अधिकारी सेसिल रँकिंग हाही होता. त्याने नदीतील पांढरी मगर मारली, म्हणून नदी कोपली, अशी कथा तेथील लोक आजही सांगतात.

गाव त्यानंतर पुन्हा उभे राहिले, पण संकट संपलेले नव्हते, आणि माझ्या मते या इतिहासाचा सर्वांत महत्त्वाचा भाग येथून पुढे आहे. कथील मिळवण्यासाठी डोंगरउताराची माती पाण्याच्या जोराने धुऊन काढत. ती वाळू आणि तो गाळ वर्षानुवर्षे नदीत उतरत राहिला. पात्र भरून वर आले, गाव त्यामानाने खोलगट राहिले आणि पुरामागून पूर येऊ लागले. 1926 च्या मोठ्या पुरानंतर गाव हलवण्यावाचून दुसरा मार्ग उरला नाही. मी मँगनीजच्या खाणींच्या मुलखातला असल्यामुळे असेल, परंतु खाणीचा नफा एकाच्या पदरात आणि तिचा गाळ दुसऱ्याच्या दारात, ही गोष्ट मला त्या पांढऱ्या मगरीपेक्षा अधिक खरी वाटते.

नव्या गावाची आखणी चार्ल्स रीड या न्यूझीलंडच्या नगररचनाकाराने केली. तो त्या वेळी मलाया (इंग्रजी अमलातील आजचा द्वीपकल्पीय मलेशिया) सरकारच्या सेवेत होता आणि एबेनेझर हॉवर्ड या इंग्रज विचारवंताच्या उद्याननगरीच्या, म्हणजे वस्तीत मोकळी हिरवळ राखण्याच्या, कल्पनेचा खंदा पुरस्कर्ता होता. त्याने उंचावरची जागा घेऊन बाजारपेठ मध्यभागी एकवटली, राहण्याची घरे तिच्यापासून वेगळी ठेवली आणि दोहोंच्या मध्ये मोकळी हिरवळ सोडली. 1930 च्या सुमारास गाव तेथे नांदू लागले. पेठेतील घरांना खाली दुकान आणि वर बिऱ्हाड असते. प्रत्येक दुकानासमोर छपराखालून सुमारे पाच फूट रुंदीची वाट जाते आणि ती शेजारच्या दुकानाच्या वाटेला जोडलेली असते. धो-धो पावसातही माणूस पेठेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कोरडा जातो. म्हातारी माणसे याच वाटेवर खुर्च्या टाकून बसतात आणि मलय, चिनी व तमिळ गिऱ्हाइकांच्या गप्पा तेथेच रंगतात. तुमच्या पाराचे काम तेथे ही वाट करते.

मोर्शीचे गुरुजी यांचे उत्तर

तुमसरकर, माहिती उत्तम दिलीत. आखणीचे कौतुक मलाही आहे. परंतु 1883 साली बांध फुटला आणि गाव हलले ते चार दशकांहून अधिक काळाने, हेही ठळकपणे लिहिले पाहिजे. मधल्या काळात कथील निघतच राहिले. आमच्याकडे 30 जुलै 1991 रोजी वर्धा नदीच्या पुराने नरखेड तालुक्यातील मोवाड येथे 204 माणसे गेली आणि त्यानंतर पुनर्वसनाचा विषय ऐरणीवर आला. माणसे गेल्यावरच नकाशे काढले जातात, ही रीत दोन्हीकडे सारखीच आहे.

आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी. मलायातील सगळीच पुनर्वसने अशी हिरवळीची नव्हती. कम्युनिस्ट बंडाच्या काळात, 1950 पासून, ब्रिग्ज योजनेखाली सुमारे पाच लाख लोकांना, मुख्यतः चिनी कष्टकऱ्यांना, काटेरी तारांच्या कुंपणातील नव्या गावांत हलवले गेले. क्वाला कुबूहून फ्रेझर्स हिलकडे जाणाऱ्या रस्त्यावरच 6 ऑक्टोबर 1951 रोजी मलायातील ब्रिटिश उच्चायुक्त हेन्री गर्नी यांची हत्या झाली. पुढे याच परिसरात सेलांगोर नदीवर मोठे धरण बांधताना तमुआन या आदिवासींची गेराची व पर्ताक ही दोन गावे उठवावी लागली. पाणी राजधानीच्या बाजूच्या दाट वस्तीला मिळाले आणि जागा आदिवासींची गेली. गोसीखुर्दच्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगण्याची गरज नाही.

वैनगंगाकाठ

गुरुजी, तुमसरकर दादा, दोघांचेही मनापासून आभार. जुन्या जागेचे पुढे काय झाले? आणि नव्या जागी आल्यावर मलय वस्तीतील एकमेकांच्या मदतीला धावण्याची रीत टिकली का?

तुमसरकर

जुनी जागा पूर्णपणे ओस पडली नाही. तिला आज अंपांग पचाह म्हणतात आणि तेथे वस्ती आहे. त्यामुळे जुन्या जागेशी लोकांचा संबंध तुटला नाही. तुमची जागा पाण्याखाली आहे, हा फरक मोठा आहे.

मदतीची रीत मी डोळ्यांनी पाहिली आहे. मलय घरी लग्न असले की आदल्या रात्रीपासून शेजारीपाजारी जमतात. अंगणात मांडव पडतो, बायका गोल बसून कांदा-लसूण सोलतात, पुरुष मांस कापतात आणि पहाटे चुलाणांवर मोठमोठी पातेली चढतात. कोणाला मजुरी देण्याचा प्रश्नच येत नाही, कारण उद्या त्यांच्या घरी हेच करायचे असते. आपल्याकडील गावपंगतीचीही हीच रीत आहे. मात्र तिला अंगण लागते आणि अंगणाला लागून शेजार लागतो. भूखंड वाटताना जुने शेजारी वेगवेगळ्या ओळींत टाकले गेले असतील, तर ही रीत कशी मोडली ते तुमच्या इतिहासात स्पष्ट लिहा.

आणि एक विनंती आहे. जुन्या गावठाणाचा नकाशा म्हाताऱ्या मंडळींना समोर बसवून आधी काढून घ्या: विहिरी, पार, देवळे, खळी, बाजाराची जागा आणि कोणाच्या घराला लागून कोणाचे घर होते तेही. तलाठ्याच्या नकाशावर हद्दी मिळतील, शेजार मिळणार नाही. बायकांना वेगळे विचारा, कारण पाणवठ्याच्या वाटा त्यांनाच अचूक सांगता येतील.