पुरस्कार मिळालेली पुस्तकं आठवी-नववीच्या पोरांना चालतात का? (बडोदा, मंडळासाठी यादी हवीय)

दांडियाबाजारकर:
नमस्कार मंडळी. आमच्या मंडळाने यंदा गणपतीत स्पर्धांची बक्षिसं म्हणून स्टीलचे डबे न देता पुस्तकं द्यायचं ठरवलंय आणि यादीचं काम माझ्या गळ्यात पडलंय. लहान मुलांचं जमलं, अडलंय ते तेरा ते पंधराच्या गटात. सगळी पोरं इंग्लिश नाहीतर गुजराती मीडियमची, मराठी घरात बोलतात, हिंदी शिकल्यामुळे अक्षरं येतात म्हणून वाचतात, पण सावकाश. मी म्हटलं सरळ बालसाहित्याचे पुरस्कार मिळालेली पुस्तकं घ्यावी, कमिटीत कोणी नाक मुरडायला नको. तर परवा आठवीतल्या भाचीला त्यातलंच एक देऊन बघितलं. तिने पहिलं पान उघडलं, वर लिहिलं होतं "बालमित्रांनो", पुस्तक तिथेच मिटलं आणि म्हणाली आत्या हे अंशला दे. अंश तिसरीत आहे!
इंग्लिशमध्ये यंग अडल्ट म्हणून दुकानात कपाटच वेगळं असतं. आपल्याकडे या वयासाठी वेगळा पुरस्कार आहे का? असेल तर त्याची यादी कुठे बघायची?

मांडवीचा_राजू:
साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार आहे ना, मराठीला पण मिळतो दरवर्षी. तोच घ्या, काम झालं.

अलकापुरी_वाचक:
राजूभाई, तिथे युवा असतो लेखक, वाचक नाही. पस्तिशीपर्यंतच्या लेखकांसाठी आहे तो, २०११ पासून, आणि पुस्तकं मोठ्यांचीच असतात. ती पोरांना बक्षीस दिली तर पुढच्या वर्षी आरतीलाही कोणी फिरकायचं नाही 😄
ताई, तुम्ही म्हणताय तो अकादमीचा बाल साहित्य पुरस्कार, २०१० ला सुरू झाला, ५० हजार रुपये आणि ताम्रपट. पण एका भाषेला वर्षाला एकच. म्हणजे चित्रांचं पुस्तक, बडबडगीतं, विज्ञानकथा, दहावीच्या पोराची कादंबरी, सगळं एकाच रांगेत उभं करून त्यातून एक निवडायचं. म्हणून यादीवर डोळे मिटून जाऊ नका. २०२३ ला एकनाथ आव्हाडांचा 'छंद देई आनंद' हा कवितासंग्रह होता, २०२४ ला भारत सासणेंची 'समशेर आणि भूतबंगला' ही कादंबरी, २०२५ ला परत कविता, सुरेश सावंतांची 'आभाळमाया'. तुमच्या नववीवाल्याला यातला भूतबंगला द्या, कविता धाकट्यांना.
अजून एक. काही वर्षी हा पुरस्कार एका पुस्तकाला नाही, एकूण कामाला दिलाय, २०१४ ला माधुरी पुरंदरे, २०१६ ला राजीव तांबे. तिथे पुरस्कारवालं पुस्तक कुठलं म्हणून शोधत बसलात तर मिळणारच नाही, लेखकाचं नाव धरून आपल्या वयाचं निवडायचं.

कारेलीबागची_मेधा:
आत्याबाई तुमच्या भाचीचं बरोबर आहे 😂 माझा मुलगा चौदाचा. त्याचं मराठी पुस्तकांबद्दल भांडण भाषेशी नाहीच, कव्हरवर फुलपाखरं आणि फुगे दिसले की तो हात लावत नाही. याउलट इंग्लिशमध्ये काय वाटेल ते वाचतो. तिकडे अमेरिकेत न्यूबेरी मेडल आहे १९२२ पासूनचं, ते चौदापर्यंतच्या वाचकांसाठी, आणि त्याच्यावर वेगळं प्रिंट्झ म्हणून २००० साली सुरू केलं ते खास बारा ते अठरासाठी. (न्यूबेरी हा लंडनचा पुस्तकविक्रेता होता, चित्रांचं जे कॅल्डिकॉट मेडल आहे तो कॅल्डिकॉटही इंग्रजच, अमेरिकन लोकांना आपला माणूस सापडला नाही की काय देव जाणे.) प्रिंट्झचं पहिलंच पुस्तक खुनाच्या खटल्यात अडकलेल्या सोळा वर्षांच्या मुलाचं, अर्धं सिनेमाच्या स्क्रिप्टसारखं लिहिलेलं. आता असं पुस्तक मराठीत आलं तर आपण ते बालसाहित्यात पाठवणार का? आणि मोठ्यांच्या पुरस्कारात तर ते "मुलांचं" म्हणून मागे पडणार. या वयाचं मराठी लिहिणारे नाहीत असं नाही, पण लिहिलेलं ठेवायला खण नाही.
मला सगळ्यात आवडते ती जर्मनीची पद्धत. त्यांचा मुलांच्या पुस्तकांचा पुरस्कार १९५६ पासूनचा, सरकारी, आणि २००३ पासून त्यात मोठ्यांच्या ज्युरीशिवाय पोरांची स्वतःची ज्युरी असते, वाचनगटातली मुलं वाचून भांडून आपला वेगळा विजेता ठरवतात. आपल्याकडे मुलांच्या पुस्तकाचा निकाल लावणारे सगळे आजोबा.

सुरसागर_काठी:
आजोबा हजर आहे 🙏 वय वर्षं ७१.
मेधाताई, न्यूबेरीचं कौतुक बरोबर आहे पण आपल्या गावाचंही जरा ऐका. सयाजीरावांनी अमेरिकेहून बोर्डन नावाचा ग्रंथपाल बोलावून १९१० मध्ये सेंट्रल लायब्ररीचं काम सुरू केलं आणि १९१२ ला दोन लाख रुपये बाजूला काढले, त्याच्या व्याजातून पुस्तकं निघाली, मोठ्यांसाठी सयाजी साहित्यमाला आणि मुलांसाठी सयाजी बालज्ञानमाला, गुजरातीत आणि मराठीतसुद्धा. तिकडे मेडल निघायच्या दहा वर्षं आधी इकडे मुलांच्या पुस्तकांची सोय झाली होती! पुरस्कार नव्हता तो, लिहून घ्यायचे आणि छापायचे. माझं तर म्हणणं आहे की आजही बक्षिसापेक्षा तेच जास्त कामाचं, कारण बक्षीस मिळालेलं पुस्तक दुकानात मागायला जावं तर "आवृत्ती संपली" हे उत्तर तयार असतं.
बरं, तुमच्या यादीचं. महाराष्ट्र शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत बालवाङ्मयाचे प्रकार वेगवेगळे असतात, कवितेला बालकवी पुरस्कार, कथेला राजा मंगळवेढेकर, कादंबरीला साने गुरुजी. तेरा-पंधरासाठी तुम्ही साने गुरुजी पुरस्काराच्या मागच्या याद्या काढा, बाकीचं सोडून द्या. कादंबरी म्हटली की निदान बडबडगीत तरी निघत नाही.

मांडवीचा_राजू:
काका बोर्डनची गोष्ट भारी. आणि युवाचं कळलं आता. पण मग मराठी सावकाश वाचणाऱ्याला दीडशे पानांची कादंबरी कशी जाईल?

सुरसागर_काठी:
जाते, प्रकरणं आखूड असली की जाते. ल. म. कडूंचं 'खारीचा वाटा' (२०१७ अकादमी) घ्या, विस्थापनाची गोष्ट आहे, आपल्याकडे नर्मदेमुळे पोरांना धरण, बुडीत गाव हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. सलीम मुल्लांचं 'जंगल खजिन्याचा शोध' (२०१९) घ्या, त्यात शोधाशोध आहे. आणि ज्याला तेही जड जाईल त्याला 'किशोर'चे अंक. बालभारतीचं मासिक, १९७१ पासूनचं, जुने अंक नेटवर फुकट वाचता येतात.

दांडियाबाजारकर:
सगळ्यांचे मनापासून आभार, एका दिवसात एवढं मिळेल वाटलं नव्हतं. 'समशेर', 'खारीचा वाटा' आणि 'जंगल खजिना' एकेक प्रत मागवते, शनिवारी संध्याकाळी मंडळाच्या खोलीत टेबलावर ठेवते आणि पोरांनाच पहिली दोन-दोन पानं वाचायला लावते. ज्याला जास्त मतं त्याच्या बाकीच्या प्रती. मेधाताई, जर्मनीची आयडिया ढापतेय, चालेल ना? कमिटीला मात्र मी सांगणार की तिन्ही अकादमीची आहेत, मतदानाचं बोलायचं नाही.

कारेलीबागची_मेधा:
ढापा ढापा. फक्त प्रस्तावना स्टेपल करून टाका, पोरांना थेट गोष्टीपासून सुरू करू दे. आणि शेवउसळ ठेवा, त्याशिवाय शनिवारी संध्याकाळी क्रिकेट सोडून कोण येतंय.

अलकापुरी_वाचक:
इंग्लिशच वाचणाऱ्या दोन-चार पोरांसाठी बंगलोरच्या नीव पुरस्काराची यादी बघून ठेवा, तिथे यंग अडल्ट वेगळा गट आहे आणि पुस्तकं भारतीय असतात. ताई, शनिवारी कुठलं जिंकलं ते इथे टाका, आमच्या सोसायटीची बक्षिसं दसऱ्याला आहेत.