पोकरच्या मोठ्या स्पर्धांत बाद झालेल्याला पुन्हा पैसे भरून बसू द्यावं का?

धागाकर्ता:
लास वेगासची वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर 1970 पासून चालू आहे. तिच्या मुख्य स्पर्धेची फी 1972 पासून 10,000 डॉलरच आहे आणि चिप्स (डावावर लावायच्या चकत्या) संपल्या की खेळ संपला, हा नियमही तिथे टिकून आहे. युरोपियन पोकर टूरच्या मुख्य स्पर्धांत मात्र आता पुन्हा फी भरून बसता येतं. वेगासच्याही इतर बऱ्याच स्पर्धांत तेच. मला हे अजिबात पटत नाही. ज्याच्या खिशात चार फियांचे पैसे आहेत तो पहिल्या दिवशी बिनधास्त ऑल-इन करत, म्हणजे सगळ्या चिप्स एकदम लावत सुटतो. जमलं तर चिप्सचा ढीग, नाही जमलं तर परत खिडकीवर. शेजारचा पै-पै साठवून एकदाच आलेला असतो. चिप्स दोघांकडे सारख्याच, पण धोका एकालाच.

प्रतिसाद 1:
असहमत. वेगासची 2017 ची मुख्य स्पर्धा आठवा. नामवंत खेळाडू व्हनेसा सेल्बस्टच्या हातात एक्क्यांची जोडी. टेबलावरच्या सामाईक पानांत एक्का, सत्ती, पंजी आणि चौथं पान पुन्हा सत्ती. म्हणजे एक्क्यांचं फुल हाऊस (तीन एक्के, दोन सत्त्या)! समोर गाएल बोमानकडे उरलेल्या दोन्ही सत्त्या निघाल्या, म्हणजे चार सत्त्या, फुल हाऊसहून वरचढ. पहिल्याच लेव्हलला, म्हणजे खेळाच्या पहिल्याच टप्प्यात सेल्बस्ट बाहेर. एवढ्या लांबून येणाऱ्याला अशा एका डावावर परत पाठवण्यात कसला आलाय न्याय?

धागाकर्ता:
तो डाव आजही सगळ्यांच्या लक्षात आहे, कारण ती परत येऊ शकत नव्हती. दहा मिनिटांत दुसऱ्या टेबलावर बसली असती तर कोणी दखलही घेतली नसती.

प्रतिसाद 2:
पण पुनर्प्रवेश काही लेव्हलनंतर बंदच होतो. बक्षिसं सुरू व्हायच्या वेळेला सगळ्यांचा एकच जीव उरलेला असतो. तुम्ही उगाच बाऊ करताय.

प्रतिसाद 3:
बंद होतो, पण तोवर बेधडक खेळून जमवलेल्या चिप्स पुढे सोबत येतातच ना! 2006 मध्ये नामवंत खेळाडू डॅनियल नेग्रेआनूने वेगासच्या 1,000 डॉलरच्या रिबाय स्पर्धेत (चिप्स संपल्या की टेबलावरच पुन्हा पैसे भरता येतात ती) चाळीसहून जास्त वेळा पैसे भरले होते. नियमात बसत होतं, त्याला दोष नाही. पण त्या टेबलावर एकाच फीचे पैसे घेऊन बसलेल्याचा विचार करा.
आणखी एक. प्रत्येक प्रवेशामागे आयोजकांचा वाटा कापला जातो, त्यामुळे त्यांना हे हवंच असणार. वर खेळाडूंच्या कमाईच्या याद्यांत फक्त बक्षिसं मोजतात, भरलेल्या फिया वजा करत नाहीत. पाच वेळा भरून एकदा जिंकलेला कागदावर श्रीमंतच दिसतो.

प्रतिसाद 1:
याद्यांचं मान्य. पण पुनर्प्रवेशामुळे बक्षिसाची रक्कम वाढते. ती रक्कम बघूनच लोक येतात.

धागाकर्ता:
लोक कशाने येतात ते 2003 ने दाखवलं. ऑनलाइन पात्रता फेरीतून आलेला ख्रिस मनीमेकर नावाचा अकाउंटंट 839 जणांत वेगासची मुख्य स्पर्धा जिंकला. पुढच्याच वर्षी 2,576 जण आले. 2024 मध्ये 10,112, आणि एकही नाव दोनदा मोजलेलं नाही. नियम कडक ठेवूनही गर्दी वाढलीच.

प्रतिसाद 2:
ठीक, मुख्य स्पर्धा तशीच ठेवा. बाकीच्या स्पर्धांत एकच पुनर्प्रवेश द्या, अमर्याद नको. एवढं तरी चालेल का?

प्रतिसाद 3:
एक चालेल. पण बाद झाल्याच्या दिवशी नको, पहिली फेरी ज्या वेगवेगळ्या दिवशी होते, त्यातल्या दुसऱ्या एखाद्या दिवशी.