केसांना कोरफड: गुण किती, गाजावाजा किती?

आडवळण

केसगळतीचा विषय निघाला की तिसऱ्या वाक्याला कोरफड येतेच. पान कापा, गर काढा, मुळांना चोळा आणि तीन महिन्यांत फरक बघा. माझं मत आधीच सांगून टाकतो. गर केसांवरून फिरवायला छान, कोरड्या टाळूला बरा. पण नवे केस उगवण्याशी त्याचा संबंध असल्याचा धड पुरावा कुठे नाही. आपण या तिन्ही गोष्टी एका गाठोड्यात बांधतो आणि मग वाद घालत बसतो.

गरात सुमारे ९९ टक्के पाणी असतं. उरलेल्या टक्क्यात लांबलचक साखळ्यांच्या शर्करा, थोडी आम्लं, क्षार, किंचित जीवनसत्त्वं. यातली बहुचर्चित शर्करा म्हणजे ॲसेमॅनन. या शर्करा पाणी धरून ठेवतात आणि वाळताना केसावर पातळ थर सोडतात. केस मऊ लागतो, कमी गुंततो तो त्या थरामुळे. त्वचेच्या बाहेर आलेला केस म्हणजे केराटिन नावाचं मृत प्रथिन, त्याला जीवनसत्त्वं चोळून तो ‘पोसला’ जात नाही. केस घडतो ते मूळ त्वचेखाली काही मिलिमीटर खोल असतं आणि इतका मोठा रेणू धडधाकट त्वचेतून तिथवर उतरणं अवघड.

मग एवढ्या लोकांना गुण कसा येतो? मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया किंवा वजन झपाट्यानं उतरणं, यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीमुठीनं जायला लागतात. डॉक्टर याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. मूळ कारण तोवर मागे पडलेलं असतं, त्यामुळे कुणी त्याची सांगड घालत नाही. घाबरून कोरफड सुरू होते ती नेमकी गळती भरात असताना. ही गळती बहुतेकांची साधारण सहा महिन्यांत आपसूक थांबते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, आणि सत्कार कावळ्याचा!

वेगळं मत असेल तर जरूर लिहा. फक्त ‘मला फायदा झाला’ यावर थांबू नका, नेमका कशात झाला ते सांगा.

पाणकणीस

अट आवडली, म्हणून तीच पाळते. माझे केस कुरळे. खांद्यापर्यंत यायचे आणि तिथेच अडायचे, विंचरताना तुटायचे. धुतल्यावर ओल्या केसांना गर लावायला लागल्यापासून गुंता सोडवताना तुटणं खूप कमी झालं आणि केस आता पाठीवर आलेत.

केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, म्हणजे वर्षाला बारा. टोकाकडून तेवढाच तुटत राहिला तर लांबी जिथल्या तिथे. तूट थांबली की लांबी दिसते. तुम्ही सगळा हिशोब मुळाशी मांडलात, टोकाशी कुणी मांडायचा? बाई म्हणते ‘कोरफडीनं केस वाढले’ तेव्हा पुष्कळदा ती हेच सांगत असते, आणि ते खरं असतं.

आडवळण

@पाणकणीस, हे पटलं. लांबीचा मुद्दा धाग्यात यायलाच हवा होता. पण हेच काम कुठलंही बरं कंडिशनर करतं आणि सिलिकोन असलेलं तर जास्त टिकाऊ करतं. यात कोरफडीचं असं खास काय?

पाणकणीस

काही नाही. कंडिशनरनं केलेलं चालतं तर कोरफडीनं केलेलं का खुपतं?

रात्रपाळी

+१. शिवाय एक विचारतो. आयुर्वेदात घृतकुमारी, म्हणजे कोरफडच, आहे. पहिल्या शतकातला ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस, त्यानंही केसगळतीवर कोरफड सांगितली आहे. एकमेकांपासून इतके दूर असलेले दोन प्रदेश एकाच वनस्पतीपाशी येतात तेव्हा त्यात काहीतरी असणारच ना? की सगळे भोळे आणि शहाणपण फक्त प्रयोगशाळेला सापडलं? गरावर कुणी पेटंट घेऊन बसत नाही, म्हणून मोठ्या चाचण्यांना पैसा येत नाही. ‘पुरावा नाही’ म्हणजे ‘गुण नाही’ असं होत नाही.

जुनी_वही

@रात्रपाळी, शेवटचं वाक्य बरोबर आहे. ग्रीकांच्या दाखल्यात मात्र गोम आहे.

कोरफडीच्या पानात दोन अगदी वेगळे पदार्थ असतात. आतला पारदर्शक गर, आणि सालीलगत वाहणारा पिवळा कडू चीक. डायोस्कोरिडीस बोलतो ते मुख्यतः चीक वाळवून केलेल्या पदार्थाबद्दल. आपल्याकडे त्याला काळा बोळ म्हणतात. जुलाबासाठी तो शतकानुशतकं विकला गेला. केसगळतीवर त्यानं सांगितलंय तेही हाच पदार्थ वाइनमध्ये कालवून लावायला. गर नव्हे.

आणि आज काय करतात? पान कापून उभं ठेवतात, पिवळा चीक निथळू देतात, धुऊन टाकतात आणि उरलेला गर लावतात. ते योग्यच आहे, कारण त्या चिकात ॲलोइन नावाचं कडू रसायन असतं आणि त्वचेला त्याचा त्रास होऊ शकतो. पण मग दाखला एका पदार्थाचा आणि डोक्याला दुसराच, हे कसं चालेल? आयुर्वेदात गराचा वापर आहे, तो मी नाकारत नाही. तेवढंच पुढे करा, ग्रीकांना सोडा.

आधुनिक वैद्यकात गाजावाजा सुरू झाला तो १९३५ मध्ये. क्ष-किरणांमुळे झालेल्या त्वचादाहावर ताजं पान वापरल्याचा अहवाल अमेरिकेत प्रसिद्ध झाला. विषय भाजलेल्या त्वचेचा होता, तिथून कोरफड केसांपर्यंत कशी सरकली ते जाहिरातवाल्यांना विचारा.

अवांतर: चीक पोटात घेण्याची गोष्ट तर आणखी वेगळी. कोरफड असलेल्या, दुकानात सहज मिळणाऱ्या रेचकांना सुरक्षित समजता येणार नाही असं एफडीए या अमेरिकेच्या औषध-नियामक संस्थेनं २००२ मध्ये ठरवलं. ‘केसांसाठी रस प्या’ सांगणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

कोरा_कागद

सगळे केस आणि मुळं यातच अडकलेत. टाळूचं काय? तिथे पुरावा आहे.

१९९९ मध्ये सेबोरिक डर्माटायटिसवर एक चाचणी झाली. हा म्हणजे कोंड्याचा थोरला भाऊ: तेलकट खपल्या, लाली, खाज. ४४ प्रौढ रुग्ण, काहींना कोरफडीचं मलम, काहींना दिसायला तसंच पण कोरफड नसलेलं, आणि कुणाला काय मिळालंय ते रुग्णालाही ठाऊक नाही, डॉक्टरलाही नाही. दिवसातून दोनदा, चार ते सहा आठवडे. कोरफडवाल्यांपैकी ५८ टक्क्यांना बरं वाटलं, दुसऱ्या गटात १५ टक्क्यांना. हा काही कावळा-फांदीचा मामला नाही.

आडवळण

चाचणी चांगली बांधलेली आहे, मान्य. पण ४४ माणसं म्हणजे फार थोडी. शिवाय ते तयार केलेलं मलम होतं, पानातून खरवडलेला गर नव्हे. आणि टाळूला गर बरा हे मी पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय. भांडण कुणाशी चाललंय?

कोरा_कागद

‘बरा’ या कंजूष शब्दाशी.

तिरकी_रेघ

कोंड्यावर माझेही दोन शब्द. त्यात मॅलॅसेझिया नावाच्या यीस्टचा हात असतो. ती सगळ्यांच्याच टाळूवर असते आणि तिथल्या स्निग्धावर जगते. म्हणून कोंडा झाला की तेल चोपडणं म्हणजे तिला आयतं ताट वाढणं. गरात तेल नसतं, तेवढ्यापुरता तो तेलापेक्षा शहाणा. खाजही निवते. पण यीस्ट आटोक्यात आणायची तर कीटोकोनॅझोलसारखं औषध असलेला शाम्पू लागतो, आणि तो लावून तीन ते पाच मिनिटं ठेवावा लागतो. लोक दहा सेकंदांत धुतात आणि म्हणतात शाम्पू कुचकामी.

आणखी एक. गर नीट धुतला नाही तर वाळून त्याचे पांढरे पापुद्रे निघतात. ते कोंड्यासारखेच दिसतात. मग आणखी गर, आणखी पापुद्रे. कोंडा ‘वाढल्याच्या’ अर्ध्या तक्रारी इथून येत असाव्यात असा मला दाट संशय आहे.

बिनपाण्याची

मला गरानं मानेवर आणि कानामागे पुरळ आलं होतं. ‘नैसर्गिक आहे, त्रास होणारच नाही’ असं ठासून सांगण्यात आलं होतं.

तिरकी_रेघ

@बिनपाण्याची, चीक राहिला असेल, किंवा तुम्हाला कोरफडीचीच ॲलर्जी असेल. दोन्ही होतं. पहिल्यांदा लावणाऱ्यानं कोपराच्या आतल्या बाजूला थोडा गर लावून एक-दोन दिवस बघावं. लाल झालं, खाजलं तर विषय संपला.

रात्रपाळी

म्हणूनच मी म्हणतो, बाटलीतलं जेल घ्या. शुद्ध, चीक काढलेलं.

जुनी_वही

शुद्ध? बाटली उलटी करून घटकांची यादी वाचा. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमानं लिहिलेले असतात. आधी पाणी, मग घट्टपणा आणणारा पदार्थ, मग अल्कोहोल, आणि ‘अ‍ॅलो बार्बाडेन्सिस’ (यादीतलं कोरफडीचं नाव) पार सुगंधाच्या शेजारी, असं असेल तर तुम्ही घट्ट केलेलं पाणी विकत घेतलंय. रंग हिरवागार असेल तर तो मिसळलेला आहे, गराला स्वतःचा रंग नसतो. २०१६ मध्ये ब्लूमबर्ग वृत्तसंस्थेनं अमेरिकेत मोठ्या दुकानांच्या स्वतःच्या नावानं विकली जाणारी काही जेल तपासून घेतली, तर त्यात कोरफडीची ओळख पटवणारं ॲसेमॅनन सापडलंच नाही.

परिरक्षकांना, म्हणजे प्रिझर्व्हेटिव्हना, मात्र उगाच शिव्या देऊ नका. ते नसतील तर ९९ टक्के पाण्याचा पदार्थ किती दिवस टिकेल? घरी काढलेला गरसुद्धा लगेच वापरावा. फ्रीजमध्येही आठवडाभर ठेवू नये.

उशिराचा_लोकल

सगळं वाचलं. मूळ धोक्याबद्दल कुणी नीट बोललंच नाही.

कोरफड लावून नुकसान फारसं होत नाही, नुकसान वाट बघण्यानं होतं. भांग रुंदावतोय, कपाळ मागे सरकतंय, हे अनुवंशिक असेल तर डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाच्या प्रभावानं मुळं हळूहळू बारीक होत जातात. केस उगवण्या-गळण्याच्या प्रत्येक चक्रात केस आधीपेक्षा पातळ आणि आखूड. टाळूला लावायच्या मिनॉक्सिडिल या औषधाला एफडीएनं १९८८ मध्ये मान्यता दिली, पुरुषांसाठी फिनास्टराइड या गोळीला १९९७ मध्ये. दोन्ही औषधं असलेलं टिकवण्यात जास्त पटाईत, गेलेलं परत आणण्यात कमी. त्यामुळे कोरफडीवर घालवलेली दोन वर्षं फुकट नसतात, त्यांची किंमत केसांत मोजावी लागते.

लहान मुलांच्या डोक्यात खवले धरून केस तुटायला लागले तर तो टाळूचा नायटा असू शकतो. त्याला पोटातूनच औषध द्यावं लागतं, वरून काहीही लावा. आणि चाई! नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा पडतो, पुष्कळांचा तो काही महिन्यांत आपोआप भरून येतो, आणि त्या काळात जे काही चोळलं असेल ते गुणकारी ठरतं. नाही भरला तर मात्र डॉक्टर गाठायला उशीर झालेला असतो.

रात्रपाळी

मिनॉक्सिडिल सुरू केलं की सुरुवातीला गळती आणखी वाढते, टाळू खाजते, आणि थांबवलं की मिळालेले केस परत जातात. म्हणजे आयुष्यभर बांधून घ्यायचं. हे कुणी सांगत नाही. माणसाला कोरफड बरी वाटली तर नवल काय?

उशिराचा_लोकल

नवल काहीच नाही. हे सगळं खरं आहे आणि औषध लिहून देणाऱ्यानं ते आधी सांगायला हवं. कुणाला टक्कल चालत असेल तर तोही उत्तम निर्णय. फक्त निर्णय घ्या, कोरफड लावतोय म्हणजे उपचार चालू आहेत असं समजू नका.

पाणकणीस

@उशिराचा_लोकल, शंभर टक्के मान्य. पण उलट बाजूचा अतिरेकही बघते मी. कुणी केस मऊ राहावेत म्हणून गर लावते म्हटलं तर लगेच ‘पुरावा कुठाय?’ मऊपणाला बोटं पुरतात.

बिनपाण्याची

एक साधा प्रश्न. ज्यांना सोसतो त्यांनी रात्रभर लावून ठेवायचा का?

तिरकी_रेघ

गरज नाही. वाळला की टाळू ताणल्यासारखी होते, जास्त वेळानं जास्त गुण असंही काही नाही. वीस-तीस मिनिटं, मग कोमट पाण्यानं नीट धुवा. गर मिक्सरमधून काढला असेल तर गाळून घ्या, नाहीतर तंतू निवडत बसाल.

रात्रपाळी

मी रात्रभरच लावतो आणि भांग भरत चाललाय असं मला दिसतंय. मुळाशी गुण येतो यावर मी ठाम आहे.

आडवळण

@रात्रपाळी, मग सोपं आहे. भांगाच्या एका बाजूला लावा, दुसऱ्या बाजूला फक्त पाणी. एकाच खिडकीशी, त्याच उजेडात, कोरड्या केसांचा दर महिन्याला फोटो. सहा महिन्यांनी कुठली बाजू कुठली ते न सांगता इथे टाका, आम्ही ओळखतो.

रात्रपाळी

अर्ध्या डोक्याला लावून फिरू? लोक काय म्हणतील?

जुनी_वही

गराला रंग नसतो हो. कुणाला कळणार नाही.

रात्रपाळी

बरं. डावी बाजू. अरेरे, सांगून बसलो. बदलतो.