प्राचार्यांच्या कार्यपद्धतीमुळे प्राध्यापक नोकरी सोडतात का?

प्रश्न (विभागप्रमुख, विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालय):
आमच्या विभागातून दोन वर्षांत पाच सहायक प्राध्यापक बाहेर पडले. राजीनाम्यात सर्वांनी ‘वैयक्तिक कारण’ लिहिले. परंतु तिघांना नव्या ठिकाणी जवळपास तेवढेच वेतन मिळते. येथे प्रवेशासाठी गावोगावी फिरणे असो वा नॅकच्या (महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फायली, सारे काही रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर आदेश म्हणूनच येते. नेतृत्वाची पद्धत बदलल्याने माणसे टिकल्याचा अनुभव कोणास आहे का?

उत्तर (निवृत्त प्राचार्य, अनुदानित महाविद्यालय):
आहे. मी रुजू झालो तेव्हा पदोन्नतीचे, म्हणजे कॅसचे, सात प्रस्ताव प्राचार्यांच्या कपाटात पडून होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार पीएच.डी. असलेला सहायक प्राध्यापक चार वर्षांच्या सेवेनंतर वरच्या स्तरासाठी पात्र ठरतो, आणि ही पदवी, एम.फिल. वा व्यावसायिक अभ्यासक्रमातील पदव्युत्तर पदवी नसलेल्यास सहा वर्षे थांबावे लागते. असे असताना केवळ स्वाक्षरीअभावी ज्याचा प्रस्ताव अडतो, त्याला आपली येथे गणतीच नाही असे वाटू लागते. मी पहिल्या महिन्यात तेवढेच काम हातावेगळे केले. पुढे मे महिन्यात वेळापत्रकाचा कच्चा मसुदा शिक्षककक्षातील टेबलावर पेन्सिलसह ठेवू लागलो. खाडाखोड पुष्कळ व्हायची, पण जूनमधली कुरबूर थांबली आणि जाण्याच्या तयारीत असलेले दोघे राहिले. माझ्या मते निर्णयाइतकेच त्यामागचे कारण सांगणे महत्त्वाचे असते.

उत्तर (तासिका तत्त्वावर नऊ वर्षे काम केलेली अध्यापिका):
सरांचे म्हणणे मला पटते, पण ते कायम पदावरील माणसांना लागू पडते. आमच्या प्राचार्या अतिशय समजूतदार होत्या. मुलगी आजारी असताना त्यांनी स्वतः माझा तास घेतला. तरीही सुट्टीच्या महिन्यांत मानधन नाही आणि दर वर्षी नव्याने मुलाखत, अशा स्थितीत मला अखेर शाळेतील नोकरी धरावी लागली. पदभरतीचा निर्णय प्राचार्यांच्या हाती नसतो. मात्र त्यांनी माझे अनुभव प्रमाणपत्र मागितल्या दिवशी दिले, हे मी विसरलेले नाही.

मूळ प्रश्नकर्ता:
आमच्याकडेही तीन प्रस्ताव अडकले आहेत. सोमवारी त्यांच्या तारखा घेऊन प्राचार्यांना भेटतो, आणि पुढील सत्राचे वेळापत्रक आधी विभागात मांडतो.