कोल्ड फ्यूजनमध्ये रेडिएशन का दिसत नाही? थिअरी काय सांगते?

अणुरेणू:
मंडळी, बरेच दिवस हे डोक्यात घोळतंय. मार्च १९८९ मध्ये यूटा युनिव्हर्सिटीत फ्लाइशमन आणि पॉन्स यांनी जाहीर केलं की जड पाण्यात (ज्यात साध्या हायड्रोजनऐवजी त्याचा जड प्रकार, ड्यूटेरियम असतो) पॅलेडियम धातूचा इलेक्ट्रोड ठेवून करंट सोडला तर जास्तीची उष्णता मिळते आणि ती फ्यूजनचीच, म्हणजे साध्या तापमानाला न्यूक्लियस एकमेकांत जुळल्याचीच आहे. पण ड्यूटेरियमच्या फ्यूजनमधून एक वॉट उष्णता यायची तर सेकंदाला साधारण एक लाख कोटी न्यूट्रॉन सुटायला हवेत, शेजारी तासभर उभं राहिलं तर जिवावर बेतेल. ते तर ठणठणीत होते! मग जे लोक फ्यूजन झालं असं मानतात ते याचं कारण काय देतात? बीएस्सीपर्यंत फिजिक्स झालंय, थोडं खोलात सांगितलंत तरी चालेल.

दुपारचा_चहा:
खरी गोम इथेच आहे. दोन ड्यूटेरॉन (ड्यूटेरियमचे न्यूक्लियस) जुळले की निम्म्या वेळा हेलियम-३ आणि न्यूट्रॉन, निम्म्या वेळा ट्रिशियम (हायड्रोजनचा आणखी जड प्रकार) आणि प्रोटॉन, आणि लाखो वेळांत एखाद्यावेळी हेलियम-४ आणि २३.८ एमईव्ही (न्यूक्लियसच्या ऊर्जेचं एकक) ऊर्जेचा गॅमा किरण. कोल्ड फ्यूजनवाले म्हणतात आमच्याकडे हेलियम-४ च होतो आणि गॅमा मात्र येत नाही, म्हणजे आधी प्रमाण उलटं करायचं आणि वर गॅमाही गायब करायचा. नोबेल मिळालेल्या श्विंगरनी सुचवलं की ती ऊर्जा गॅमाऐवजी धातूच्या लॅटिसमध्ये (अणूंच्या जाळीत) कंपनं म्हणून जाते. एमआयटीचे हॅगेलस्टाईन वर्षानुवर्षं हेच गणितात बसवतायत, २३.८ एमईव्हीचे कोट्यवधी बारीक फोनॉन (कंपनांचे तुकडे) करायचे, घाऊक माल किरकोळीत विकावा तसे. अडचण वेळेची आहे. न्यूक्लियसमधला मामला सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या अब्जाव्या भागाहूनही कमी वेळात उरकतो, लॅटिसचं एक कंपन व्हायला त्याच्या लाखो पट वेळ लागतो, तर लॅटिसला ऊर्जा घ्यायला सवड मिळणार कधी?

अणुरेणू:
पण मॉसबाउर इफेक्टमध्ये न्यूक्लियसने गॅमा सोडला की अख्खा क्रिस्टल धक्का घेतोच ना? मग इथे का नाही?

दुपारचा_चहा:
छान प्रश्न. तिथे क्रिस्टल फक्त संवेग घेतो, ऊर्जा जवळपास सगळी गॅमासोबतच बाहेर जाते. म्हणजे गॅमा येतोच! इथे नेमकी ऊर्जाच लॅटिसने गिळायला हवी, ते फार वेगळं काम आहे.

तुर्भेकर:
विडम-लार्सन यांची थिअरी राहिलीच की. त्यांचं म्हणणं, फ्यूजन नाहीच, पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन 'जड' होऊन प्रोटॉनशी मिळतात आणि अतिशय मंद न्यूट्रॉन तयार होतात, ते लगेच आसपासच्या न्यूक्लियसमध्ये शोषले जातात म्हणून डिटेक्टरपर्यंत पोचत नाहीत, आणि त्यातून सुटणारा गॅमाही तेच जड इलेक्ट्रॉन शोषून घेतात. मला हे पटत नाही, त्या इलेक्ट्रॉनला ०.७८ एमईव्ही जास्तीचे मिळणार कुठून? आणि गॅमा खरंच अडत असेल तर बाहेरून गॅमाचा सोर्स लावून तो पृष्ठभाग किती अडवतो ते मोजा, सरळ टेस्ट आहे.
आपल्याकडे ट्रॉम्बेला बीएआरसीत १९८९ मध्येच अय्यंगार आणि श्रीनिवासन यांच्या पुढाकाराने बऱ्याच गटांनी हे प्रयोग केले. त्यांनी ट्रिशियम न्यूट्रॉनच्या कोटीपट मिळाल्याचं नोंदवलं, खरं तर दोन्ही सारखे हवेत. ती मोजणी बरोबर असेल तर नुसती हेलियम-४ ची थिअरी पुरत नाही, ट्रिशियमचंही कारण द्यावं लागेल. उष्णतेवर सगळे बोलतात, या आकड्यावर फारसं कुणी बोलत नाही याचं मला वाईट वाटतं.

सांजसकाळ:
यात भर. २०१९ मध्ये गूगलच्या पैशावर चाललेल्या गटांनी नेचर या विज्ञान मासिकात लिहिलं की कोल्ड फ्यूजनचा पुरावा मिळाला नाही. आणि २०२५ मध्ये ब्रिटिश कोलंबिया युनिव्हर्सिटीच्या गटाने पॅलेडियमवर ड्यूटेरियमचे आयन आदळवले, आणि वर इलेक्ट्रोकेमिस्ट्रीने त्यात जास्तीचं ड्यूटेरियम भरलं तेव्हा फ्यूजनचा वेग सरासरी १५ टक्के वाढला. तो मोजला कशावरून माहितीये? न्यूट्रॉनवरूनच. धातूच्या आतही नेहमीचं फ्यूजन नेहमीसारखे न्यूट्रॉन देतं, त्यामुळे 'लॅटिसमध्ये नियम बदलतात' म्हणणाऱ्याने ते नेमके कोणत्या परिस्थितीत बदलतात हे आधी सांगायला हवं.