रोजच्या कामाला खिशातला चाकू कुठला घ्यावा? बजेट १५००

ठिबकवाला_करवीर

नमस्कार मंडळी. मी ठिबकचं फिटिंग करतो, करवीर आणि पन्हाळा तालुक्यात, वर्षातले आठ-नऊ महिने कुणाच्या ना कुणाच्या रानातच असतो. दिवसभर नुसती कापाकापी, १६ एमएमची लॅटरल (ठिबकची नळी) कापायची, खताची पोती फोडायची, सुतळी, पॅकिंगच्या पट्ट्या, आणि दुपारी बांधावर जेवायला बसलो की कांदा-काकडी पण त्याच चाकूनं (धुऊन घेतो). आजवर जत्रेतनं नाहीतर रस्त्यावरनं दीडशे-दोनशेचे चाकू घेत आलोय, एक पण वर्षभर टिकला नाही. कुणाचं पातं डुलायला लागलं, कुणाची मूठ सुटली, धार तर सगळ्यांची आठवड्यात गेली.

शेवटच्यानं मात्र हद्द केली. गेल्या महिन्यात लॅटरल कापताना पातं हातातच मिटलं, तर्जनीला तीन टाके. लॉक बसल्याचा टक असा आवाज मी स्वतः ऐकला होता. ऐन लागणीच्या टायमाला आठ दिवस घरात बसलो. आई म्हणतेय आता चाकू खिशात ठेवायचाच नाही. तिचं पण बरोबर आहे, पण चाकूशिवाय आमचं काम कसं होणार.

तर आता एकच, पण चांगला घ्यायचाय. बजेट १५००, फार तर १८०० पर्यंत जाईन. मिटणाराच पाहिजे कारण दिवसभर गाडीवर फिरणं असतं. ऑनलाईन बघायला बसलो तर डी२, ४४०सी, ८सीआर१३, कुठं जपानी स्टील, कुठं मिलिटरी ग्रेड, वाचून डोकं गरगरलं. टिकणारा कसा ओळखायचा ते कोणीतरी सरळ सांगा. आणि नाकाबंदीत पोलिसांनी खिसा तपासला तर काय होतं ते पण.

भट्टी_शिरोली

भावा आधी बोट कसं हाय? वाकवायला त्रास होत असला तर परत दाखवून घे, अंगावर काढू नको.

मी शिरोली एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटला हाय, रोज हेच काम बघतोय म्हणून सांगतो. स्टीलचं नाव वाचून चाकू घेऊ नको. नाव म्हणजे पीठ कुठल्या ज्वारीचं ते कळलं, भाकरी कशी भाजली ते कुठं कळलं? जुने लोहार हत्याराला पाणी देणं म्हणायचे ना, सगळं त्याच्यात हाय. साधं कार्बन स्टील ८०० अंशाच्या आसपास लाल करून तेलात बुडवलं की काचेसारखं कडक होतं, पण तसंच ठेवलं तर फरशीवर पडलं की टवका उडणार, म्हणून परत २०० अंशाच्या आसपास भाजायचं, त्याला टेम्परिंग म्हणतात. कडकपणा रॉकवेल सी वर मोजतात, आणि खिशातल्या चाकूला ५५ ते ६० च्या मधला आकडा बरा. लई खाली असला तर धार वळते, लई वर असला तर धारेच्या खपल्या निघतात आणि दगडावर घासून घासून हात दुखतो.

जत्रेतल्या चाकूवर नुसतं 'स्टेनलेस' लिहिलेलं असतंय. त्यात बऱ्याचदा कार्बन ०.३ टक्क्याच्या आसपास, मग त्याला कितीही चांगलं पाणी द्या, धार धरणार कुठनं? उलट डी२ बघ, कार्बन दीड टक्का, क्रोमियम १२ टक्के, कागदावर जबरदस्त. पण ते तापवायलाच हजार अंशाच्या वर लागतंय, तिथं नेमका वेळ धरावा लागतोय, आणि स्वस्तात विकायचं म्हटलं की पहिली काटकसर भट्टीच्या वेळातच होते. ती वरनं बघून कुणालाच कळत नाही, मला पण नाही. आणि व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचं पातं घे, कार्बन अर्धा टक्का, कडकपणा ५६ च्या आसपास, म्हणजे आकड्यात काहीच विशेष नाही, पण प्रत्येक पात्याला पाणी सारखं बसलेलं असतंय. १८८४ पासनं धंदा करतायत, स्विस आर्मीला १८९१ पासनं चाकू देतायत. तुझ्या बजेटात मी असल्या जुन्या कंपनीचा सगळ्यात साधा चाकू घेईन, अनोळखी कंपनीचं भारी नाव घेणार नाही.

अजून एक, हे लई जणांना माहीत नसतं. चांगला चाकू घेशील आणि ग्राइंडरवर धार लावायला देशील, तर सगळं पाण्यात. धारेवर निळी झाक आली की समज तिथलं पाणी उतरलं, ३०० अंशाच्या आसपास गेलं ते. मग कितीपण घास, धार टिकत नाही, तेवढा भाग झिजवून काढेपर्यंत.

रानवाटा_राधानगरी

दादा, तुमचं बोट स्टीलनं नाही, लॉकनं कापलं. म्हणून मी लॉकवरच बोलते.

मिटणारे चाकू ढोबळमानानं दोन जातीचे. एकात लॉक नसतंच, पाठीमागची स्प्रिंगची पट्टी पात्याला नुसती धरून ठेवते, व्हिक्टोरिनॉक्सचे बरेचसे लहान चाकू असेच आहेत. त्यात फसवणूक नाही, पातं मिटू शकतं हे आपल्याला आधीच माहीत असतं आणि आपण टोकावर किंवा पाठीवर जोर देत नाही. दुसऱ्यात लॉक असतं, आणि स्वस्तातल्या चाकूत ते म्हणजे आतली एक पातळ पत्र्याची पट्टी, जी पात्याच्या बुडाशी जेमतेम टेकलेली असते. टक आवाज तिचाही येतो! म्हणून आवाजावर जाऊ नका. पातं उघडायचं, बोटं त्याच्या वाटेत येणार नाहीत अशी मूठ धरायची आणि पात्याची पाठ लाकडावर हळूच दाबायची, मग दोन-तीनदा हलके ठोके द्यायचे. जरा जरी सरकलं तरी परत करायचा. पातं आडवं डुलत असेल तरी परत.

मी स्वतः गेली नऊ वर्षं ऑपिनेलचा ८ नंबर वापरते, दाजीपूरच्या जंगलात ग्रुप घेऊन जाते तेव्हा दिवसभर तोच हातात. फ्रान्सचा आहे, १८९० पासून बनतोय, तिकडं शेतकरीच वापरायचे. पातं साडेआठ सेंटीमीटर, बीचच्या लाकडाची मूठ, आणि पात्याच्या बुडाशी एक स्टीलची अंगठी. पातं उघडून अंगठी फिरवली की संपलं, मिटायला जागाच राहत नाही. ही अंगठी त्यांनी १९५५ ला आणली. हल्लीच्या चाकूंत बंद असतानाही फिरवता येते, म्हणजे खिशात आपोआप उघडायची भीती नाही. स्प्रिंग नाही, स्क्रू नाही, बिघडणार काय?

पण आपल्याकडच्या पावसात लाकूड फुगतं आणि पातं आत घट्ट बसतं, हे आधीच सांगून ठेवते. उन्हाळ्यात मुठीला आणि पात्याच्या खाचेत जवसाचं तेल दोन-तीनदा मुरवून वाळवलं की बराच फरक पडतो. तरी अडकलंच तर अंगठी मोकळी करून मुठीचं मागचं टोक लाकडावर आपटायचं, पातं थोडं बाहेर येतं, मग नखानं उघडायचं.

आरी_रापी

माझं आयुष्य चप्पल लाईनीत गेलं. आमच्यात रापी असते कातडं कापायला, चपटी, मिटत नाही, बिजागरी नाही. वडिलांची रापी मी घासून घासून निम्मी केली तरी चालत होती. सांगायचं कारण असं बाळा, की हत्यार दगडावर टिकतं. दीड हजारातले दोनशे-अडीचशे दगडासाठी बाजूला काढ. हार्डवेअरच्या दुकानात दोन बाजूंचा कार्बोरंडमचा दगड मिळतो, एक बाजू जाडी एक बारीक. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत विचार, कोणीपण देईल.

कोन कसा धरायचा ते बघ. कागदाचा कोपरा घे, तो काटकोन, एकदा दुमडला की निम्मा, परत दुमडला की साडेबावीस अंश. तेवढा कोन दगडावर ठेवून बघ, डोळ्याला सवय झाली की कागद टाकून दे. धारेच्या कडेला मार्करनं रंग दे आणि दोन हात मार, रंग कडेवरनं निघाला तर कोन बरोबर, वरनंच निघाला तर पाठ जरा उचल. एका बाजूनं घासत राहायचं, दुसऱ्या बाजूला सगळ्या लांबीत बर (धारेवर वळलेली बारीक खरखरीत कड) जाणवली की मग बाजू बदलायची. बर यायच्या आधीच बाजू बदलत बसतात, तिथंच धार बिघडते. शेवटी जुन्या पट्ट्याच्या कातड्यावर धार मागं ठेवून दहा-बारा वेळा ओढ. पिकल्या टोमॅटोवर पातं नुसतं ठेवून ओढलं की साल तुटली पाहिजे, दाबायचं नाही.

चाकू बोथट झाला म्हणून माणूस जोर लावतो आणि जोर लावला की घसरतो. तुझा मिटला पण का? जोर लावावा लागला म्हणून. आठवड्याला पाच मिनिटं दगडावर घाल.

कागलकर

लॅटरल कापायला स्नॅप ब्लेडचा १८ एमएमचा कटर किंवा छाटणीची कात्री वापर, काप सरळ येतो आणि जॉइनर गळत नाही. चाकू बाकीच्या कामाला ठेव, निम्मी झीज वाचेल. कृषी सेवा केंद्रात कलमाचे मिटणारे चाकू पण मिळतात, पण त्याची धार बऱ्याचदा एकाच बाजूनं असते, पोती फोडायला ते वापरू नको.

बावड्याचा_वकील

कायद्याचं सांगतो. शस्त्र नियमांच्या यादीत ९ इंचापेक्षा लांब किंवा २ इंचापेक्षा रुंद पात्याचे चाकू येतात, त्यातून घरगुती, शेती, उद्योगाच्या कामासाठी बनवलेले वगळलेत. वर सांगितलेला साडेआठ सेंटीमीटर पात्याचा चाकू त्यात बसत नाही. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ चं कलम ३७ लक्षात ठेवा. सण, निवडणूक, आंदोलन असलं की त्या कलमाखाली मनाई आदेश निघतात आणि त्यात चाकू, काठी असल्या वस्तू घेऊन फिरायलाही बंदी घालता येते. त्या दिवसांत चाकू खिशात नको, फिटिंगच्या पिशवीत पाने, टेफ्लॉन टेप, जॉइनरच्या सोबत ठेवा. विचारलं तर शांतपणे कामाचं सांगा आणि पिशवी दाखवा. बटण दाबलं की उघडणारा चाकू मात्र घेऊच नका, तो बघून पोलिसांचा संशय येणारच आणि तुमच्या कामाला त्याचा काही उपयोग नाही. उजळाईवाडीहून विमानानं कुठं जायची वेळ आली तर चाकू चेक-इनच्या बॅगेत, हातातल्या बॅगेत नाही.

ठिबकवाला_करवीर

एवढं कोणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. बोट आता बरं आहे, वाकतंय. ८ नंबरवर मन बसलंय, पण तो कार्बनमध्ये पण आहे आणि स्टेनलेसमध्ये पण. कार्बनची धार भारी लागते म्हणतात. भट्टीवाले दादा, माझ्या कामाला कुठला घेऊ?

भट्टी_शिरोली

स्टेनलेसच घे. कार्बनची धार पटकन लागते हे खरं हाय, घरात असता तर मी तोच सांगितलो असतो. पण तू पोटॅशची पोती फोडतोस. पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराईड, आणि क्लोराईड स्टेनलेसला पण सोडत नाही, बारीक बारीक खड्डे पाडतंय, मग कार्बनचं काय होईल बघ. त्यात पाऊस, घाम, उसाचा रस. त्यांच्या स्टेनलेसमध्ये जेवढा कार्बन हाय, तेवढा तुला भरपूर झाला. खताचं पोतं फोडलं की तिथल्या तिथं बाटलीतल्या पाण्यानं धू, शर्टाला पूस, रात्री शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब बिजागरीत. शेंगतेल लावू नको, चिकट होतंय. आणि काकांनी दगडाचं सांगितलंय ते मनावर घे.

ठिबकवाला_करवीर

घेतला. ८ नंबर स्टेनलेस, ऑनलाईन मागवला, दगड धरून बजेटच्या जरा वर गेलं पण चालतंय. लॅटरलला कटर वेगळा घेतलाय. आल्या आल्या ताईंनी सांगितल्यासारखं लाकडावर पाठ ठोकून बघितली, हलला पण नाही. जवसाचं तेल लावून दोन दिवस वाळवत ठेवलाय. दगडावर आधी जुन्या चाकूनं हात बसवतोय, मार्करची युक्ती लई कामाची निघाली, मी पाठ कमीच उचलत होतो इतके दिवस.

आईला अंगठी फिरवून दाखवली. तिनं चाकू हातात घेतला, अंगठी स्वतः फिरवली, पातं पाटाच्या कडेला टेकवून दोनदा दाबून बघितलं आणि परत माझ्या हातात दिला. काही बोलली नाही, पण सकाळी डबा भरला तेव्हा पिशवीत डब्याशेजारी ठेवलेला होता.